म्हणण्याच्या रीती आणि मराठी काव्यप्रकार

मराठी कवितेच्या प्रकारांचा विचार करू लागले की प्रथम एका जुन्या पद्याचे स्मरण होते. सुश्लोक कोणाचा, अभंग कोणाचे, ओवी कोणाची आणि आर्या कोणाची, हे दोन ओळींत सांगून टाकणारे ते पद्य आपल्यापैकी बहुतेकांना शाळकरी वयातच पाठ झालेले असते. वामनपंडित, तुकाराम, ज्ञानेश्वर आणि मोरोपंत ही त्यातली चार नावे. या यादीत विषयाचे नाव नाही आणि रसाचेही नाही. भक्ती कोणाची, शृंगार कोणाचा, वैराग्य कोणाचे, हे सांगण्याची गरज त्या कर्त्याला वाटली नाही. त्याने चार कवी ओळखले ते त्यांच्या रचनेच्या चालीवरून. त्या दोन ओळींच्या मात्रा मोजून पाहिल्या तर १२, १८, १२, १८ अशा भरतात. म्हणजे ते पद्य गीतीत आहे, आणि मोरोपंतांच्या ज्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतो ती बहुतांशी गीतीच आहे. चौघांचा गौरव करताना चाल मात्र त्याने चौथ्याची उचलली!

याच्या उलट आज आपण वर्गात जी विभागणी शिकवतो ती पाहावी. महाकाव्य, खंडकाव्य, भावगीत, नाट्यगीत, विलापिका, सुनीत अशी ती यादी आहे. तिचा निम्मा भाग संस्कृत साहित्यशास्त्रातून आणि उरलेला इंग्रजी पाठ्यग्रंथांतून आला. त्यापाठोपाठ काव्याचे घटक येतात: भावना, कल्पना, विचार, शब्दकळा, आणि सर्वांत शेवटी, बहुधा एका परिच्छेदात आटोपलेले, छंद. ही यादी चूक आहे असे मी म्हणत नाही. परंतु मराठी कविता ज्या घरात वाढली त्या घराचे दार या यादीने उघडत नाही, असे माझे सत्तावीस वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत झाले आहे. आपल्या बहुतेक काव्यप्रकारांची नावे ही मुळात म्हणण्याच्या रीतींची नावे आहेत. कोण म्हणतो, कोठे म्हणतो, हाताला कोणते काम असते किंवा कोणते वाद्य असते, यावरून तो प्रकार सिद्ध झाला. लेखनाच्या नियमांत तो पुढे बसवला गेला. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. त्यातला दुसरा शब्द आपण रोज उच्चारतो. पण तो ‘ऐकण्याजोगे’ असे सांगत आहे, हे मात्र विसरतो.

ओवीपासून आरंभ करणे भाग आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचा. राजाने ओवीची व्याख्या देताना तिचा विषय सांगितला नाही. कोण गाते आणि कोणते काम करताना गाते, एवढेच सांगितले, आणि ते पुरेसे होते. उखळ असो की जाते, श्रमाची एक फेरी पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक चरण बसतो. तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा आखूड चरण येतो. तो आखूड का, याचे उत्तर छंदःशास्त्राच्या पुस्तकात शोधू नये. तेथे श्वास घ्यायचा असतो, मूठभर दाणे घालायचे असतात.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० त, नेवासे येथे श्रोत्यांपुढे गीतेचा अर्थ सांगताना ज्ञानदेवांनी हीच ओवी घेतली. संस्कृतातले भारदस्त छंद त्यांना अपरिचित होते असे कोण म्हणेल? त्यांनी निवडली ती स्त्रियांच्या कंठातली रचना, आणि तिची अक्षरसंख्या इतकी सैल ठेवली की तत्त्वचर्चा करताना चरण लांबावा आणि उपमा संपताच आखडावा. सुमारे ९,००० ओव्यांचा तो ग्रंथ सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला हे आपण अभिमानाने सांगतो. लिहून घेतला, याचाच अर्थ तो आधी बोलला गेला.

ओवीची ही शक्ती परक्यालाही कळली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. बायबलातील कथा येथील नवख्रिस्ती लोकांना सांगायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या देशातला कोणताही छंद न वापरता सुमारे ११,००० मराठी ओव्या रचल्या. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती आणि पुराण ओवीत असते, हे त्याने अचूक ओळखले होते. धर्म बदलला होता, लिपी बदलली होती. ऐकण्याची रीत बदललेली नव्हती. गोव्याच्या आपल्या सभासदांना हे नवे नाही. पण शालेय पुस्तकांत ‘क्रिस्तपुराण’ हे ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या रकान्यात जाते आणि ओवीच्या इतिहासातून गळते, याची खंत त्यांनाही असेल.

मी राहतो त्या बेळगाव परिसरात ओवीचे आणखी एक नाते रोज कानावर पडते. कानडी स्त्रियांची दळणाची गाणी त्रिपदीत असतात. त्रिपदी फार प्राचीन आहे. बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात, इ. स. ७०० च्या सुमारास, ती कोरलेली आढळते. ओवी आणि त्रिपदी यांत थोरली कोण, धाकटी कोण, हा वाद मला घालायचा नाही. जाते एकच होते, त्याचा खुंटा धरणारे हातही पुष्कळदा एकाच गल्लीतले होते, एवढे सांगून पुढे जातो.

अभंगाविषयी लिहिताना मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका रचनेत अभंगाची अक्षरसंख्या सांगितली आहे: मोठ्या अभंगात ६, ६, ६ आणि ४ मिळून २२ अक्षरे, लहानात ८ आणि ८ मिळून १६. हे मला ठाऊक होते. मी ते शिकवीतही होतो. पण गणवृत्तांचा पाठ संपला की सरावासाठी मी फळ्यावर अभंगाचा एखादा चौक लिहीत असे आणि मुलांकडून त्यावर लघुगुरूची चिन्हे करवून घेत असे. पहिल्या चरणात नऊ मात्रा, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात आठ, असे काहीतरी निघे. मुले माझ्याकडे पाहत, आणि मी सांगत असे की संतांचे लक्ष भावाकडे होते, छंदाच्या काटेकोरपणाकडे नव्हते. एक दोन नव्हे, आठ नऊ वर्षे मी हे सांगितले. संतांचा मोठेपणा राखण्याच्या भरात त्यांच्या कारागिरीवर ठपका ठेवत होतो, हे माझ्या ध्यानी आले नाही.

एके वर्षी नववीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, माझी आजी म्हणते तेव्हा बरोबर बसतं.” मी हसून वेळ मारून नेली. पुढे पालकसभेच्या दिवशी ती आजीला घेऊन आली. म्हातारी वारकरी, अक्षरओळख बेताची. फळ्यावरचा तोच अभंग नातीने तिला वाचून दाखवला, तशी ती म्हणाली, “मास्तर, ते वाचायचं न्हवं, म्हणायचं असतंय.” आणि टाळ नव्हते म्हणून टेबलावर बोटे वाजवीत तिने तो म्हटला. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो. पण मास्तरकीच्या सवयीने बोटे मोजीत होतो. ऱ्हस्व अक्षर असो की दीर्घ, तिच्या तोंडी प्रत्येकाला सारखाच वेळ मिळत होता. ‘कि’ आणि ‘की’ यांत तिने काही भेद ठेवला नाही. दोन्ही सारखीच लांबवली. जो चरण माझ्या हिशेबात आठ मात्रांचा होता आणि जो अकरा मात्रांचा होता, ते दोन्ही तिच्या टाळीला एकाच जागी येऊन मिळाले.

घरी येऊन मी कपाटातले ‘छंदोरचना’ काढले. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा हा ग्रंथ १९२७ मध्ये प्रथम निघाला आणि १९३७ मध्ये त्याची पुष्कळ वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. बडोद्यास जन्मलेल्या आणि फारसीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने मराठी पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे तीन वर्ग केले. वृत्तात लघुगुरूचा क्रम ठरलेला. जातीत मात्रांची आवर्तने ठरलेली. आणि छंदात अक्षरांची संख्या ठरलेली, कारण तेथे उच्चारात प्रत्येक अक्षर गुरूच होते. अभंग आणि ओवी यांची जागा या तिसऱ्या वर्गात. म्हणजे त्या म्हातारीने टेबलावर जे वाजवून दाखवले ते पटवर्धनांनी फार पूर्वी लिहून ठेवले होते, आणि पदवीच्या परीक्षेसाठी मी ते वाचलेही होते. वाचले होते, एवढेच.

पटवर्धनांच्या वर्गीकरणाचे मर्म मला तेव्हा कळले. त्यांनी आवर्तनांना दिलेली नावेही मोठी रम्य आहेत: आठ मात्रांचे पद्मावर्तन, सहा मात्रांचे भृंगावर्तन, कमळाच्या पाकळ्या आणि भुंग्याचे पाय मोजून ठेवलेली. नावे संस्कृत आहेत, पण कसोटी कानाची आहे. पद्य कागदावर कसे दिसते याचा नव्हे, ते म्हणताना काळ कसा विभागला जातो याचा त्यांनी शोध घेतला. ना. ग. जोशी यांनी १९५५ मध्ये ‘मराठी छंदोरचना’ लिहून या विषयाचा लयीच्या अंगाने पुन्हा विचार केला. या दोन ग्रंथांच्या मागे किती आवाज ऐकण्याचे कष्ट आहेत, ते स्वतः टाळी धरल्याखेरीज समजत नाही.

श्लोक आणि आर्या यांची गोष्ट निराळी. ही रचना पंडितांची, शास्त्राने बांधलेली. येथे तरी पुस्तक आधी आणि मुख नंतर असेल, असे वाटते. पण रामदासांकडे पाहावे. एकाच पुरुषाने ‘दासबोध’ ओवीत लिहिला, मनाचे २०५ श्लोक भुजंगप्रयातात रचले आणि आपल्या व्याकुळतेसाठी मालिनी घेतली. लघु, गुरू, गुरू असा गण चार वेळा येणारे भुजंगप्रयात पावलांचे वृत्त आहे. दारोदार फिरताना समर्थांचे शिष्य हे श्लोक म्हणत, असे परंपरा सांगते, आणि भुजंगप्रयात म्हणत एकदा रस्त्याने चालून पाहिले तर त्या परंपरेवर विश्वास बसतो. मालिनी म्हणत कोणी झपाझप चालू शकणार नाही. तिच्या आरंभीची सहा लघू अक्षरे घाईने येतात आणि मग गुरूंच्या रांगेत कंठ दाटल्यासारखा होतो. शास्त्र दोन्ही वृत्तांना सारखेच लागू आहे. प्रसंग निराळे आहेत.

मोरोपंतांची आर्या ही पुराणिकाची आणि कीर्तनकाराची आर्या. ती पाठांतराला सोपी, निरूपणाच्या मध्ये टाकायला सोयीची, आणि शेवटच्या शब्दावर श्रोत्याने मान डोलवावी अशी. हिचे मूळ पंडितांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ जुने आणि देशी आहे. प्राकृतातली गाहा म्हणजेच आर्या. सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तील शेतकरी, वाटसरू आणि घरोघरच्या स्त्रिया याच चालीत बोलतात. बारामतीच्या पंतांनी (१७२९–१७९४) जिला संस्कृत समासांची पैठणी नेसवली ती मुळात गावरान बाई होती. पंतांनी ‘केकावली’साठी मात्र पृथ्वी हे सतरा अक्षरांचे भारदस्त वृत्त घेतले, ती देवापुढची एकांतातली आळवणी आहे, सभेसाठी नव्हे.

त्या जुन्या गीतीच्या यादीत पोवाडा आणि लावणी नाहीत, हे सांगायला हवे. यादी करणारा देवळातल्या सभामंडपात बसणारा होता. चावडीवर आणि फडात जे चालले होते ते त्याने कवितेत धरले नाही. हा अन्याय पुढे बराच काळ टिकला. अज्ञानदासाचा, म्हणजे अगिनदासाचा, अफझलखानवधावरचा पोवाडा किंवा तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा छापील पानावर पाहिला तर ओळी कुठे लांब, कुठे तोकड्या, मध्येच ‘जी जी’ असा निरर्थक वाटणारा पुकारा. डफाची थाप आणि झीलकऱ्यांचा आवाज काढून घेतला की पोवाड्याची अशी दशा होते. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला म्हणून ते आपल्याला वाचायला मिळाले. शाहीर व गोंधळी यांच्या तोंडून ते गोळा करावे लागले होते. राम जोशी हा एकच गडी असा, की सोलापूरच्या शास्त्र्यांच्या घरात जन्मून फडावर गेला आणि पुढे कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागला. त्याच्या लावण्यांत दोन्ही रीतींचा सांधा दिसतो.

मग कवितेचे घर बदलले कधी? छापखान्याने ते बदलले, हे उत्तर फार ढोबळ होईल. पण आरंभ तेथेच आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी शाळांसाठी संपादिलेले ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले. ज्ञानेश्वरांपासूनचे कवी प्रथमच एका जिल्दीत, एका मापाच्या टायपात, शेजारी शेजारी बसले. या पुस्तकाचे मराठी शाळेवर अपार उपकार आहेत; मी त्याची थट्टा करणार नाही. परंतु ओवी, अभंग, श्लोक आणि आर्या एकाच पद्धतीने छापल्या गेल्या म्हणजे त्या एकाच पद्धतीने वाचल्याही जातात. गोडबोल्यांच्याच ‘वृत्तदर्पणा’ने पिढ्यान् पिढ्यांना गण शिकवले, आणि गणांचे सूत्र हाती आल्यावर ते सर्वत्र लावून पाहण्याचा मोह मास्तरांना झाला. मलाही झाला, ते वर सांगितलेच आहे.

डोळ्यांनी वाचण्याची कविता मराठीत आली ती केशवसुतांबरोबर, असे मी मानतो. त्यांचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे १८९२ मधले मराठीतील पहिले सुनीत. या चौदा ओळींच्या रचनेला त्यांनी ‘चतुर्दशक’ असे नाव दिले होते. सुनीताने मराठीत शार्दूलविक्रीडित हे एकोणीस अक्षरी वृत्त प्रामुख्याने पत्करले. बाराव्या अक्षरावर यती घेणारे हे वृत्त मंगलाष्टकांतून घराघरांत परिचित होते. परंतु सुनीतात अर्थ ओळीच्या शेवटी थांबत नाही. तो पुढच्या ओळीच्या मध्यावर जाऊन विसावतो. मंगलाष्टकाच्या चालीवर सुनीत म्हणू गेल्यास अर्थाचे तुकडे पडतात. अर्थाप्रमाणे वाचल्यास वृत्त मोडल्यासारखे वाटते. इटालियन भाषेत या प्रकाराचे मूळ नाव लहानशा गाण्याचे होते. ते इंग्रजीतून आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातले गाणे गेले आणि विचाराची घडण उरली. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी सुनीते पुष्कळ लिहिली. त्यातली म्हणून किती जणांच्या लक्षात राहिली, हा प्रश्न मला पडतो. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर जुन्या वृत्तांना चिकटून राहिले म्हणून त्यांना मागासलेले ठरवण्याची घाईही तेव्हा थोडी झालीच.

याच काळात ग्वाल्हेरीकडे मात्र उलट दिशेने काम चालले होते. मुंगावलीस जन्मलेले आणि देवास, ग्वाल्हेर या भागांत आयुष्य घालवलेले भास्कर रामचंद्र तांबे यांनी आत्मनिष्ठ भाव घेतला, पण त्याला गाण्याचा देह दिला. ते महाराष्ट्राबाहेर होते, हिंदुस्थानी संगीत त्यांच्या कानावर होते, आणि पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन वादांपासून ते दूर होते. ही दूरता त्यांच्या पथ्यावर पडली, असे म्हणण्यात माझा थोडा सीमावासीयाचा पक्षपात असेल. त्यांच्या निधनानंतर (१९४१) त्यांच्या रचना लता मंगेशकरांच्या आवाजात ज्या सहजतेने घरोघर गेल्या, ते पाहिले म्हणजे ‘भावगीत’ या शब्दात ‘भाव’ इतकेच ‘गीत’ही आहे हे पटते.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा असल्याने थोडक्यात सांगतो. अनिलांनी ‘भग्नमूर्ती’त (१९४०) मुक्तछंद चालवला, तो वृत्तातून मुक्त झाला, बोलण्याच्या लयीतून नव्हे. मर्ढेकरांना आपण नवकवितेचे प्रवर्तक म्हणतो; त्यांनी यंत्रयुगाची विटंबना सांगायला ओवी आणि अभंगाचे चरण वापरले, आणि तो जुना आवाज ओळखीचा असल्यामुळेच त्यातला उपहास झोंबला. १९५२ मध्ये बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली तेव्हा जाते आणि ओवी यांचे नाते तुटलेले नाही, असे सर्वांना वाटले. सुरेश भटांनी गझल गावोगावच्या मैफलींत म्हणून रुजवली. तिचा साचा माधव जूलियनांनी १९३३ मध्येच ‘गज्जलांजली’त मांडला होता, पण केवळ पुस्तकाने ती रुजली नव्हती.

जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पोइत्व्हँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, आणि काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. ही नोंद झाली तेव्हा पिठाच्या गिरणीने जाते बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात लोटले होते. हात रिकामा झाला आणि गाणे थांबले.

आमच्या शाळेत आता नववीच्या मुलांना काव्यप्रकारांची यादी पाठ करण्याआधी एक काम दिले जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पद्याचा एखादा तुकडा ऐकायचा, कोणते काम करताना तो म्हटला जाई हे विचारून घ्यायचे, आणि वर्गात तो म्हणून दाखवायचा. लघुगुरूची चिन्हे त्यानंतर. म्हणण्याला पाच गुण असतात. मागील वर्षी एका मुलाने वही आणली. त्याच्या आजीचे माहेर कानडी, सासर मराठी. वहीत काही ओव्या होत्या आणि काही त्रिपद्या. आजी दळताना ज्या क्रमाने म्हणत असे त्याच क्रमाने, एकमेकींत मिसळून, मुलाने त्या देवनागरीत उतरवल्या होत्या. “सर, या कोणत्या प्रकारात लिहू?” असे त्याने विचारले. मी त्याला म्हणून दाखवायला सांगितले. मराठी संपून कानडी कोठे सुरू झाले ते शब्दांवरून सर्वांना कळले. टाळी धरून बसलेल्या मुलांची टाळी मात्र मध्ये थांबली नाही.